वाचक विचारतात: अंगठा सुजला म्हणून डाळ तोडायची का?

मागे मधुमेहावरच्या एका उत्तरात यूरिक अ‍ॅसिडचा ओझरता उल्लेख केला होता. त्यावर एवढी पत्रं आली की या वेळचं सदर गाऊटलाच, म्हणजे यूरिक अ‍ॅसिड साठून सांधा सुजण्याच्या आजाराला, द्यायचं ठरवलं. आयुर्वेदात याला वातरक्त म्हणतात. आपल्याकडे बोलताना मात्र गाऊट, आमवात आणि म्हातारपणी झिजलेला गुडघा या सगळ्यांना ‘संधिवात’ हे एकच नाव देतात आणि उपचारांचा घोळ तिथूनच सुरू होतो. निवडक चार पत्रांना इथे उत्तरं देते आहे. पहिलं उत्तर लांबलं आहे, पण त्याला कारण आहे.

प्रश्न: आम्ही बेळगावच्या पश्चिम भागातले. घरी भात आणि रताळ्याची शेती, दोन म्हशी. आमच्या मालकांचं वय ४६. मे महिन्यात शेजारच्या गावची लक्ष्मी यात्रा झाली, तीन दिवसांत चार घरी मटणाची जेवणं झाली. चौथ्या रात्री दोनच्या सुमाराला उजव्या पायाचा अंगठा असा ठणकायला लागला की अंगावरची चादर लागली तरी ओरडायचे. वर्षभरातला हा तिसरा झटका. यूरिक अ‍ॅसिड ८.९ आलंय. दवाखान्यातून एक छापील कागद मिळाला, त्यात डाळी, कडधान्यं, पालक, फ्लॉवर, मटार, टोमॅटो, वांगं, दही, आंबट सगळं बंद. मग भाकरीबरोबर मी वाढू काय? सासूबाई म्हणतात, ‘पायाचं सूप दे की, सांध्याला ताकद येतीय.’ रोजची गोळी लिहून दिलीय, ती हे घेत नाहीत. म्हणतात, खाण्यानंच बरं करून दाखवतो.

उत्तर: ताई, तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. तसलाच कागद आमच्या शहापूरच्या घरात चुलीमागच्या भिंतीला सहा वर्षं चिकटवलेला होता.

माझे वडील विणकर. घरातच खड्डामाग, पाय खड्ड्यात सोडून दिवसभर पट्ट्या दाबायच्या. १९८६ मध्ये त्यांचा अंगठा पहिल्यांदा सुजला आणि माग बंद पडला. कागद घरात आला तो तेव्हा. आईनं तो अक्षरशः पाळला. मसुरीची आमटी बंद, मडकीची उसळ बंद, हुलग्याचं माडगं बंद. बाबांच्या ताटात भाकरी, शेंगाची चटणी आणि दुधी. आणि दर रविवारी न चुकता पायाचं सूप, कारण सांध्यांना वंगण लागतं असं सगळी गल्ली सांगायची. चहात दोन चमचे साखर होतीच, तिच्याबद्दल कागदावर एक अक्षरही नव्हतं. झटके थांबले नाहीत. उलट कानाच्या कडेला आणि कोपरावर हरभऱ्याएवढ्या गाठी आल्या. कोपरावरची एक गाठ फुटली तेव्हा आतून ओल्या खडूसारखं पांढरं बाहेर आलं. मी तेव्हा कॉलेजात होते. आहारशास्त्र शिकायचं मी त्या दिवशी ठरवलं.

तो खडू म्हणजेच यूरिक अ‍ॅसिडचं मीठ. आपल्या प्रत्येक पेशीत प्युरिन नावाचं द्रव्य असतं. पेशी झिजल्या की ते मोडतं आणि त्याचं यूरिक अ‍ॅसिड होतं. खाल्लेल्या अन्नातूनही ते येतं, पण शरीरातलं साधारण दोन तृतीयांश यूरिक अ‍ॅसिड आपल्याच पेशींतून तयार होतं, ताटातून येतं ते एक तृतीयांश. ते बाहेर टाकायचं मोठं काम मूत्रपिंडाचं, उरलेलं आतड्याचं. गाऊट झालेल्या बहुतेकांचं मूत्रपिंड हे काम जन्मापासूनच थोडं हळू करतं, त्यात त्या माणसाचा काही दोष नसतो. रक्तातलं प्रमाण डेसिलिटरला ६.८ मिलिग्रॅमच्या वर गेलं की ते विरघळलेलं राहू शकत नाही. थंडीच्या दिवसांत काकवीच्या तळाशी साखरेचे खडे बसतात ना, तसंच. शरीरातली थंड जागा कुठली? हृदयापासून सगळ्यात लांब असलेला पायाचा अंगठा. म्हणून दुखणं तिथे आणि म्हणून ते रात्री.

आता तुमच्या कागदाकडे येऊ. २००४ मध्ये अमेरिकेत एक मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. ४७,१५० पुरुषांचं खाणं-पिणं १२ वर्षं नोंदवून कुणाला गाऊट होतो ते पाहिलं. जे सगळ्यात जास्त मांस खात होते त्यांना धोका सगळ्यात कमी खाणाऱ्यांपेक्षा ४१ टक्क्यांनी जास्त, मासे जास्त खाणाऱ्यांना ५१ टक्क्यांनी जास्त. पण प्युरिन असलेल्या भाज्या आणि डाळी, म्हणजे तुमच्या कागदावरचे मटार, पालक, फ्लॉवर, मसूर, यांनी धोका वाढलेला दिसला नाही. दूध-दही भरपूर घेणाऱ्यांना तर धोका ४४ टक्क्यांनी कमी होता. कागदावर दही बंद आणि अभ्यासात दही उपयोगी. असे जुने कागद अजून वाटले जातात याचं मला खरंच वाईट वाटतं. घरातल्या बाईला ते वाचून स्वयंपाकघरात उभं राहावंसं वाटत नाही.

म्हणून डाळ सुरू करा. एका वेळेला वाटीभर घट्ट आमटी किंवा उसळ, दिवसातून दोनदा चालेल. आपल्या भागातली बारीक काळी मसूर, मडकी, हुलगे, मूग, कशाचीही. पालक, फ्लॉवर, वांगं बिनधास्त करा. टोमॅटोबद्दल एवढंच सांगते, काही लोकांना तो सोसत नाही असा अनुभव असतो. तुमच्या मालकांना दोन-तीन वेळा टोमॅटो खाऊन लगेच त्रास झाला असेल तर टाळा, नाहीतर नको. चिंच, आमसूल, लिंबू यांनी यूरिक अ‍ॅसिड वाढत नाही. नावात अ‍ॅसिड आहे म्हणून आंबट बंद, एवढाच त्यामागचा तर्क. फक्त एक गोष्ट आधी पाहा. क्रिएटिनीनची, म्हणजे मूत्रपिंडाचं काम दाखवणारी रक्ताची तपासणी झाली नसेल तर करून घ्या. मूत्रपिंड अधू असेल तर डाळ आणि भाज्या किती, हे डॉक्टर ठरवतील.

तोडायचं ते वेगळंच. यात्रेच्या जेवणात मटण आधी नुसत्या हळद-मिठात शिजवतात आणि वरचं पाणी काढतात, ती अळणी. पाहुण्याला आल्या आल्या मानानं वाटीभर देतात, तिचाच पुढे पांढरा रस्सा होतो. ताई, प्युरिन पाण्यात विरघळतं. मांस शिजताना त्यातलं बरंच पाण्यात उतरतं. म्हणजे माणूस दोनच फोडी खातो आणि समजतो की पथ्य पाळलं, पण चार घरची अळणी आणि रस्सा पोटात गेलेला असतो. पायाच्या सुपाचंही तेच. तासन्‌तास उकळून मांस-हाडातलं जेवढं निघेल तेवढं आपण त्या पाण्यात काढतो. सासूबाईंना हे माझ्या नावानं सांगा. त्यांची माया खरी आहे, सूप तेवढं बंद करायचं आहे. म्हाताऱ्या माणसाला नुसतं ‘नको’ म्हटलेलं लागतं. त्यांच्याकडून रोजचं ताक घुसळून घ्या, लेकाला औषध दिल्याचं समाधान त्यांना त्यातून मिळेल.

आणि ते खरोखर औषधच आहे. लोणी काढलेलं ताक म्हणजे साय नसलेलं दूधच. दुधात प्युरिन जवळजवळ नसतं, शिवाय दुधातली प्रथिनं यूरिक अ‍ॅसिड लघवीवाटे बाहेर जायला मदत करतात. शहरातले लोक यासाठी सायविरहित दुधाच्या पिशव्या विकत आणतात, तुमच्या दारात दोन म्हशी आहेत. सकाळी पेलाभर, जेवताना पेलाभर, मीठ बेताचं. अंडंही चालतं, त्यातही प्युरिन नगण्य.

काळीज, गुर्दा, वजडी, भेजा हे मात्र कायमचं बंद. यात्रेच्या सकाळी काळजाची परतलेली वाटी आधी समोर येते, ती नाकारायला सगळ्यात अवघड, हे मला माहीत आहे. पण १०० ग्रॅम काळजात २०० मिलिग्रॅमच्या वर प्युरिन असतं. झटका पूर्ण उतरल्यावर मटण किंवा कोंबडी आठवड्यातून एकदा, चार मध्यम फोडी, रस्सा भाकरी बुडवण्यापुरता. पुढच्या यात्रेला एका घरी जेवायचं आणि बाकीच्या घरी पान-सुपारी घ्यायची, असं आताच ठरवून टाका. पंगतीत बसल्यावर ठरत नाही.

आता गोळीबद्दल. हे मी सगळ्यात कळकळीनं लिहिते आहे. खाण्याचं पथ्य नीट पाळलं तर यूरिक अ‍ॅसिड बहुतेकांचं एखाद्या अंकानं उतरतं. तुमच्या मालकांचं ८.९ आहे. एक वजा करा, ७.९. अजूनही ६.८ च्या वरच. खडे बसतच राहणार. जुने खडे विरघळायचे असतील तर प्रमाण ६ च्या खाली आणून तिथेच ठेवावं लागतं, अंगावर गाठी असतील तर ५ च्या खाली. वर्षात तीन झटके आलेल्या माणसाला नुसत्या ताटाच्या जोरावर तिथे पोचणं बहुधा जमत नाही. ते अंगमेहनतीचे, जिद्दीचे आहेत म्हणून ‘करून दाखवतो’ म्हणतात. पण ही हिशेबाची गोष्ट आहे, जिद्दीची नाही.

त्यांना दोन प्रकारच्या गोळ्यांतला फरकही समजावा. एक झटक्याची, सूज आणि वेदना उतरवणारी, ती थोडे दिवसच. दुसरी रोजची, अ‍ॅलोप्युरिनॉल किंवा फेबक्सोस्टॅट, यूरिक अ‍ॅसिड कमी करणारी. ती वर्षानुवर्षं चालते. रोजची सुरू केल्यावर पहिल्या काही महिन्यांत झटके उलट येऊ शकतात, कारण साठलेले खडे हलायला लागतात. त्यासाठी डॉक्टर सुरुवातीचे तीन ते सहा महिने कोल्चिसिन या झटका रोखणाऱ्या औषधाची छोटी मात्रा जोडीला देतात. आमच्या बाबांना ही गोष्ट कुणी सांगितली नाही. १९८८ मध्ये गोळी सुरू झाली, तीन आठवड्यांत झटका आला, गोळीनंच बाधलं म्हणून त्यांनी ती मोरीत टाकली. चार वर्षं वाया गेली. १९९२ मध्ये दुसऱ्या डॉक्टरांनी समोर बसवून सगळं समजावलं, गोळी पुन्हा लहान मात्रेनं सुरू केली आणि आईला म्हणाले, ‘वहिनी, आज घरी जाऊन यांना आमटी करून घाला.’ त्या रात्री बाबांनी मसुरीची आमटी तीन वेळा मागून घेतली. कानावरच्या गाठी विरघळायला दोन वर्षं लागली, पण विरघळल्या. मूत्रपिंडाचं जे नुकसान आधी झालं होतं ते मात्र भरून आलं नाही.

एक सावधगिरी. अ‍ॅलोप्युरिनॉल सुरू केल्यावर अंगावर पुरळ आलं, तोंड आलं किंवा ताप आला तर गोळी त्याच क्षणी थांबवून डॉक्टरांकडे जायचं. असं क्वचितच होतं, पण झालं तर गंभीर असतं. असं काही नसेल तर मधे झटका आला तरी रोजची गोळी चालूच ठेवायची.

प्रश्न: माझं वय २९, उद्यमबागला फाउंड्रीत भट्टीजवळ काम करतो. आमच्या घरात माळ आहे. मटण, मासे, अंडं, दारू काहीच नाही. तरी दोनदा अंगठा सुजला, यूरिक अ‍ॅसिड ८.१. वजन ९२ किलो. वडिलांनाही हा त्रास आहे. सोबतचे म्हणतात, ‘तू चोरून खातोस.’ शाकाहारी माणसाला गाऊट कसा होईल?

उत्तर: दादा, सोबत्यांचं बोलणं मनाला लावून घेऊ नका. शाकाहारी माणसाला गाऊट होतो, आणि तुमच्या पत्रात त्याची कारणंही आहेत. वडिलांकडून आलेलं मूत्रपिंडाचं वळण, वजन आणि भट्टीचा घाम. चौथं कारण तुम्ही लिहिलेलं नाही, म्हणून मीच विचारते. पाळीच्या मधल्या सुट्टीत काय पिता?

उद्यमबागमधल्या कितीतरी कामगारांशी मी बोलले आहे. आठ तास आगीसमोर उभं राहून आलेला माणूस पाण्याच्या पिंपाकडे जात नाही, टपरीवर जाऊन थंड पेयाची बाटली उघडतो. नाहीतर फाटकाबाहेर उसाच्या रसाचे दोन ग्लास. घाम जाऊन रक्त आधीच दाट झालेलं, लघवी कमी, म्हणजे यूरिक अ‍ॅसिड बाहेर पडायची वाट अडलेली. त्यावर पाण्याऐवजी साखर.

साखरेचा अर्धा भाग फ्रुक्टोज असतो. ते यकृतात जाऊन मोडताना पेशींतली ऊर्जेची शिल्लक झपाट्यानं खर्च होते आणि त्या खर्चातून उरणाऱ्या द्रव्याचं थेट यूरिक अ‍ॅसिड होतं. म्हणजे प्युरिनचा एक कणही न खाता ते वाढतं. २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, रोज दोन किंवा जास्त गोड थंड पेयं पिणाऱ्या पुरुषांना गाऊटचा धोका महिन्याला एकही न पिणाऱ्यांपेक्षा ८५ टक्क्यांनी जास्त दिसला. हा आकडा बेळगावात मला फार महत्त्वाचा वाटतो, कारण आपला जिल्हा उसाचा. ‘गूळ चालतो हो, साखर नको’ हे मी रोज ऐकते. गूळ, काकवी, उसाचा रस, मध यांनी गाऊटमध्ये काही वेगळं होत नाही, फ्रुक्टोज त्यांतही आहेच. अख्खं फळ वेगळं. पेरू, संत्रं, जांभूळ, केळं चावून खा, एका वेळेला एक. रस काढून पिऊ नका.

तुमच्यासाठी मी चारच गोष्टी सांगेन. घरून दोन लिटरची बाटली न्या आणि पाळी संपायच्या आत ती रिकामी झाली पाहिजे, उन्हाळ्यात आणखी एक. लघवी फिकट पिवळी दिसेपर्यंत पाणी पुरेसं झालं असं धरू नका. डब्याबरोबर ताक न्या, ते तुमचं थंड पेय. साखर न घातलेलं लिंबूपाणीही चालेल. कॉफी आवडत असेल तर बिनसाखरेची घ्या, कॉफी पिणाऱ्यांमध्ये गाऊट कमी आढळतो. कुंदा, करदंट, पेढे लग्नकार्यात एक तुकडा, रोजच्या चहाबरोबर नको.

वजन उतरवताना घाई करू नका. आठवड्याला अर्धा किलो पुरे. जेवण एकदम तोडून आठ दिवसांत पाच किलो उतरवायला गेलात तर यूरिक अ‍ॅसिड वाढेल आणि झटका येईल. मी हे दरवर्षी जानेवारीत पाहते. भात अर्धा करा, जोंधळ्याची भाकरी आणि उसळ वाढवा, रात्रपाळी असेल तर मध्यरात्रीचा वडापाव सोडा. तिशीच्या आत गाऊट सुरू झालेल्या माणसानं सांध्यांच्या तज्ज्ञ डॉक्टरांना एकदा दाखवून मूत्रपिंडाची तपासणी करून घ्यावीच. एवढ्या लवकर सुरू झालेला त्रास पुढे जोर धरतो, औषध लांबवू नका.

प्रश्न: मी निवृत्त शिक्षिका, खानापूर, वय ६७. कंबर दुखते म्हणून केलेल्या रक्ततपासणीत यूरिक अ‍ॅसिड ७.४ निघालं. सांधा कधी सुजलेला नाही. ओळखीच्यांनी जन्मभराची गोळी सुरू करायला सांगितलं आहे. मी रक्तदाबाची गोळी घेते. एकादशी निर्जळी करते, सोडायची इच्छा नाही.

उत्तर: बाई, नमस्कार. रक्तात यूरिक अ‍ॅसिड जास्त असणं आणि गाऊट होणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. प्रमाण जास्त असलेल्या बहुतेकांना कधीच झटका येत नाही. सांधा सुजलेला नाही, मुतखडा नाही, मूत्रपिंड ठीक आहे, तर केवळ ७.४ या आकड्यासाठी गोळी सुरू करावी असं बहुतेक तज्ज्ञ सांगत नाहीत. कंबरदुखीचं कारण वेगळं शोधा. कंबर ही गाऊटची नेहमीची जागा नव्हे.

पाळी चालू असेपर्यंत स्त्रियांच्या शरीरातलं इस्ट्रोजेन यूरिक अ‍ॅसिड बाहेर टाकायला मदत करतं, म्हणून तरुण बायकांना गाऊट क्वचित होतो. पाळी गेली की ते संरक्षण जातं. तुमच्या वयात प्रमाण थोडं चढणं त्यामुळेही असेल.

दुसरं कारण तुमच्या गोळीच्या पाकिटावर सापडण्याची शक्यता आहे. रक्तदाबाच्या काही गोळ्यांत लघवी वाढवणारं औषध असतं, हायड्रोक्लोरोथायझाइड किंवा क्लोरथॅलिडोन. ती यूरिक अ‍ॅसिड वाढवतात. हृदयासाठी दिलेली अ‍ॅस्पिरिनची छोटी गोळीही थोडं वाढवते. लोसार्टन हे रक्तदाबाचंच औषध उलट ते थोडं उतरवतं. पाकीट घेऊन तुमच्या डॉक्टरांकडे जा आणि बदल करता येईल का एवढंच विचारा. स्वतःहून एकही गोळी बंद करू नका. रक्तदाब चढणं हे यूरिक अ‍ॅसिडपेक्षा कितीतरी मोठं संकट आहे.

एकादशी सोडा असं मी म्हणणार नाही. माझी आई ऐंशीव्या वर्षापर्यंत करत होती. पण दिवसभर पोटात अन्नही नाही आणि पाणीही नाही, असं झालं की शरीर चरबी जाळतं, त्यातून तयार होणारी द्रव्यं आणि यूरिक अ‍ॅसिड एकाच दारातून बाहेर पडायला बघतात, आणि यूरिक अ‍ॅसिड मागे राहतं. पाणी मात्र तासातासाला घ्या. विठ्ठलाला पाण्याचं वावडं नाही. दूध, ताक, उकडलेलं रताळं, एखादं फळ, मूठभर शेंगदाणे यांनी उपवास मोडत नाही आणि यूरिक अ‍ॅसिडही वाढत नाही. आपली बेळगावची रताळी एकादशीला उकडून दुधाबरोबर घ्या, साबुदाण्यापेक्षा पोटाला बरी.

प्रश्न: निपाणीहून लिहितो, वय ५२. अंगठा आजच सुजलाय. बिअर सोडून व्हिस्की घेतली तर चालेल काय? सुकट चालते काय? आमच्याकडे तीळतेलानं चोळून शेक देतात, ते करू काय? वाटल्यास सफरचंदाचा व्हिनेगर पितो.

उत्तर: बिअर सगळ्यात वाईट, कारण दारूबरोबर तिच्यात प्युरिनही असतं. २००४ च्या एका अभ्यासात रोजच्या एका बिअरमागे धोका ४९ टक्क्यांनी वाढलेला दिसला, रोजच्या एका पेगमागे १५ टक्क्यांनी. म्हणजे व्हिस्की कमी वाईट आहे, चांगली नाही. झटके येत असताना दोन्ही बंद ठेवा. माझं स्पष्ट मत विचाराल तर कायमची बंद करा.

सुकट, सुके बांगडे यांत पाणी निघून गेल्यानं प्युरिन एकवटलेलं असतं, ते नकोच. घाटाखालून येणारे ताजे बांगडे आणि तारली यांतही भरपूर असतं. झटका गेल्यावर कधी मासा खावासा वाटलाच तर त्यांच्याऐवजी दुसरा एखादा, एकच तुकडा, तोही पंधरा दिवसांतून. व्हिनेगरचा गाऊटवर उपयोग होतो असा भरवशाचा पुरावा नाही, पैसे वाया घालवू नका. खाण्याच्या सोड्याचं पाणी कुणी सुचवलं तर तेही घेऊ नका, त्यातल्या सोडियमनं रक्तदाब चढतो.

आणि चोळू नका, शेकू नका. सुजलेला सांधा आधीच पेटलेला असतो. पाय उशीवर उंच ठेवा, बर्फ फडक्यात गुंडाळून वीस मिनिटं लावा, थोड्या थोड्या वेळानं पुन्हा. पांघरुणाचा स्पर्श टाळायला पायावर उलटी टोपली किंवा पुठ्ठ्याचं खोकं ठेवा. आमच्या बाबांच्या पायावर आई वेताची दुरडी ठेवायची. आजच डॉक्टरांकडून झटक्याची गोळी घ्या, ती जितकी लवकर पोटात जाईल तितकी लवकर सूज उतरते. दुकानातून मनानं वेदनाशामक घेऊ नका, मूत्रपिंड आणि पोट दोन्ही सांभाळायचं आहे. आज केलेल्या तपासणीत यूरिक अ‍ॅसिड बरोबर आलं तरी गाऊट नाही असं समजू नका. झटक्यात ते कमी दिसू शकतं, दोन-तीन आठवड्यांनी पुन्हा करा. अंगात ताप भरला, थंडी वाजली आणि सांधा लालबुंद झाला तर सांध्यात जंतुसंसर्ग असू शकतो. तेव्हा सकाळ होण्याची वाट पाहू नका, त्याच रात्री दवाखाना गाठा.